मस्कटीनचे आठ थांबे : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून २०२३

४ एप्रिल

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवत आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, सुमारे चोवीस हजार वस्तीचे मस्कटीन नावाचे शहर आहे. त्या शहराची पायी हिंडत वाचता येईल अशी एक छोटी मराठी पुस्तिका तयार करायची आहे. मुलामुलींकडे सहा महिन्यांसाठी आलेले मराठी आईवडील उन्हाळ्यात या बाजूला बरेच असतात. त्यांना एकदा शिकागो दाखवून आणतात, एखाद्या मोठ्या धबधब्याची सहल होते, आणि उरलेले दिवस ती मंडळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून काढतात. मीही त्यांतलीच आहे. लेकीच्या घरापासून हे गाव मोटारीने पाऊण तासावर आहे आणि सुट्टीच्या दिवशी कोणीतरी सोडायला तयार असते, एवढ्या भांडवलावर काम सुरू केले आहे.

नकाशा काढण्याची जबाबदारी रत्नागिरीकडचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन घेणार आहेत, मजकूर माझ्याकडे. दोघांनी मिळून तीन नियम ठरवले. थांबे आठच ठेवायचे. प्रत्येक थांब्याला एका पानाहून अधिक मजकूर द्यायचा नाही. तिसरा नियम माझा : प्रत्येक थांब्यावर समोर उभे राहून पाहता येईल असे काहीतरी असले पाहिजे, कारण साठीच्या पुढच्या माणसाला मोकळी जागा दाखवून इतिहास सांगू लागले की तो सावली शोधू लागतो.

गावाचे नाव 'मस्कटाइन' असे लिहिण्याचा मोह होतो. इथले लोक शेवटच्या अक्षरावर जोर देऊन 'मस्कटीन' म्हणतात. तेच ठेवले आहे.

८ एप्रिल

स्थापनेचा मजकूर लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर माझा तिसरा नियम अडचणीचा ठरला. १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी लोकांकडून मिसिसिपीच्या पश्चिमेचा लांबलचक पट्टा सरकारने लिहून घेतला आणि १ जून १८३३पासून तो गोऱ्या वसाहतकारांना खुला केला. त्याच वर्षी इथे व्यापाराचे एक ठाणे आणि पुढे आगबोटींना जळण विकण्याची जागा उभी राहिली. १८३६ मध्ये भूखंड आखले गेले आणि गावाला ब्लूमिंग्टन असे नाव मिळाले. त्या नावाची गावे आजूबाजूच्या राज्यांतही असल्याने टपाल भलतीकडे जात असे, म्हणून १८४९ मध्ये नाव बदलले, असे कारण सांगितले जाते. नवे नाव मस्कूटन या मूळ रहिवासी जमातीच्या नावावरून आले असे मानतात. ज्यांची जमीन घेतली त्यांच्यासारख्यांचे नाव गावाला मिळाले, पण गावात त्यांची म्हणून दाखवता येईल अशी एकही वास्तू माझ्या मार्गावर येत नाही.

तूर्त हा मजकूर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, नकाशाच्या वर घालायचे ठरवले आहे. ही पळवाट आहे, याची जाणीव आहे.

१३ एप्रिल

आज बटणे. या गावाचा इतिहास सांगायचा तर सगळे रस्ते अखेर शिंपल्यापाशी येऊन मिळतात, त्यामुळे इथे हात आखडता घ्यायचा नाही.

जॉन फ्रेडरिक बोपल हा जर्मनीतल्या हँबर्ग शहराजवळचा बटणे घडवणारा कारागीर. शिंग, हाड आणि समुद्री शिंपला यांवर त्याचा हात बसलेला होता. १८८७च्या सुमारास तो अमेरिकेत आला आणि मध्यपश्चिमेतल्या नद्यांमध्ये जाड कवचाचे शिंपले शोधत हिंडू लागला. १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्याने परदेशी बटणांवर जबर कर बसला आणि त्याची वेळ जुळून आली. १८९१ मध्ये त्याने मस्कटीनमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांपासून बटणे काढण्याचा कारखाना सुरू केला. पश्चिमेकडे वाहत आलेली नदी या गावापाशी दक्षिणेला वळते, आणि आसपासच्या पात्रात शिंपल्यांचे थरच्या थर होते. १९०५ मध्ये या एका गावातून वर्षाला दीड अब्ज बटणे बाहेर पडत होती, म्हणजे जगातल्या एकूण बटणांच्या एक तृतीयांशाहून अधिक. त्या काळी सदऱ्याला, पोलक्याला, आतल्या कपड्यांना लागणारे पांढरे चकचकीत बटण कुठल्या नदीतून आले याचा विचार घालणाऱ्याने कधी केला नसेल.

बोपल स्वतः मात्र या भरभराटीत टिकला नाही. त्याला हाताने घडवलेले बटण हवे होते आणि गावाला यंत्र हवे होते. बॅरी कुटुंबाच्या कारखान्याने चकतीला बटणाचा आकार देणे आणि तिला भोके पाडणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत करणारे यंत्र बनवले, त्यानंतर एकट्या कारागिराचा निभाव लागणे शक्य नव्हते. स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडलेला बोपल पुढे सरकारी मत्स्य खात्यासाठी शिंपल्यांची पाहणी करू लागला. पाण्यात उतरला असताना शिंपल्याच्या धारेने त्याचा पाय कापला, जखम चिघळली आणि १९१२ मध्ये तो गेला. ही गोष्ट सांगताना कुणालाही 'शिंपल्याने सूड घेतला' असे म्हणावेसे वाटेल. पुस्तिकेत तसे काही लिहायचे नाही.

१५ एप्रिल

शब्दांचा दिवस. माझ्या मसुद्यात सगळीकडे 'शिंपला' होता. नकाशा काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी विचारले, शिंपला म्हणजे कुठला? त्यांच्या गावी तिसऱ्या वेगळ्या, शिनाणे वेगळे, आणि कालवे तर आणखीच वेगळी. शिवाय आपण जे खातो ते आतले मांस. या गावाला मांस नकोच होते, कवच हवे होते. काठावर छावण्या टाकून लोक शिंपले उकडत, मांस काढून टाकत किंवा डुकरांना घालत, आणि ते निवडताना एखादा मोती हाती लागतो का हे बोटांनी चाचपत. शेवटी 'नदीतला शिंपला' हाच शब्द कायम केला आणि पहिल्या उल्लेखाला त्याचे कवच तळहाताएवढे व जाड असते हे जोडले.

शिंपले काढण्याच्या साधनाला मराठी नाव घडवत बसलो नाही, वर्णन केले : नावेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब दांडी, तिला दोऱ्यांनी लोंबणारे कावळ्याच्या पायासारखे असंख्य बोथट आकडे. दांडी तळावरून ओढत नेली की तोंड किंचित उघडे ठेवून बसलेल्या शिंपल्याला आकड्याचा स्पर्श होतो, आणि तो घाबरून तोंड मिटतो ते आकड्यावरच. गळाला आमिष लागत नाही. शिंपला स्वतःच स्वतःला पकडून देतो. हे वाचल्यावर सहकारी बराच वेळ हसत होते.

मापासाठी 'ग्रोस' हाच शब्द ठेवला. बारा डझनांचा ग्रोस आपल्याकडे शिवणसामानाच्या दुकानात अजून चालतो, त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. कवचातून नळीसारख्या करवतीने कापून काढलेल्या कोऱ्या गोल तुकड्याला 'चकती' म्हटले आहे.

२२ एप्रिल

पश्चिम दुसऱ्या रस्त्यावरचे मोत्याच्या बटणांचे संग्रहालय पाहिले. थांबा क्रमांक दोन हाच राहील. कवच भिजत घालण्यापासून पुठ्ठ्यावर बटणे टाचण्यापर्यंतचा सगळा क्रम इथे समजतो. भिजवणे का, हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाला पडला होता : वाळलेले कवच ठिसूळ होते आणि करवतीखाली फुटते, म्हणून ते कापण्याआधी काही दिवस पिंपात पाण्यात ठेवावे लागे. कापणारे बहुधा पुरुष. यंत्रावर भोके पाडणे, निवडणे आणि प्रत लावणे हे बायका आणि मुली करत. पुठ्ठ्यावर बटणे शिवण्याचे काम घरोघरी जाई आणि तिथे शाळेतून आलेली मुलेही सुई धरत. वाती वळत, पापड लाटत घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या बायकांच्या गल्लीत मी वाढले आहे. हे दृश्य मला वेगळे समजावून घ्यावे लागले नाही.

शिंपले का संपले, याचे उत्तर लोक 'फार काढले' एवढ्यावर आटोपतात. ते खरे आहे, पण अर्धे. शिंपल्याची पिल्ले जन्मल्यावर काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि मग गळून तळाशी बसतात. योग्य मासा भेटला नाही तर पिढी तिथेच संपते. बटणवाल्यांचा सर्वांत लाडका शिंपला 'एबनीशेल'. बाहेरून काळा आणि आतून शुभ्र असलेला हा शिंपला स्किपजॅक हेरिंग नावाच्या, नदीतून वरखाली प्रवास करणाऱ्या माशावर अवलंबून होता. १९१३ मध्ये मस्कटीनच्या खालच्या अंगाला किओकक येथे विजेसाठी मोठे धरण पूर्ण झाले आणि या माशाची वाट अडली. त्यापूर्वीच, १९०८ मध्ये, गावाच्या पूर्वेला काही मैलांवर फेअरपोर्ट येथे शिंपल्यांची पैदास करण्यासाठी सरकारी जीवशास्त्र केंद्राला मंजुरी मिळाली होती. तिथले शास्त्रज्ञ माशांच्या कल्ल्यांना पिल्ले चिकटवून ते मासे नदीत सोडत राहिले. एका हाताने पेरणी आणि दुसऱ्या हाताने बांध, असा तो प्रकार झाला. पुढे प्लास्टिकचे बटण आले आणि नदीतल्या शिंपल्याची मागणीच राहिली नाही.

फेअरपोर्ट पायी जाण्याच्या अंतरावर नाही. तळटीप म्हणून ठेवले.

१ मे

आज मस्कटीनला जाता आले नाही. उत्तरेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी उतरत आहे आणि नदीकाठचे उद्यान पाण्याखाली आहे, म्हणजे आमचा पहिला थांबा, शिंपले काढणाऱ्याचा ब्राँझचा पुतळा, सध्या पाहता येणार नाही. १९९३च्या पुरात इथे पाण्याची पातळी साडेपंचवीस फुटांवर गेली होती. यंदा तितके नाही, असे गावकरी सांगतात. पुस्तिकेत 'एप्रिल-मे महिन्यांत नदीची पातळी पाहूनच निघावे' ही सूचना वाढवली.

घरी बसून संपाचा मजकूर लिहिला. तारीख कामगार दिनाची पडली, हा योगायोग. १९१०च्या शेवटी मस्कटीनच्या बटण कामगारांनी संघटना बांधली. पगार चकत्यांच्या ग्रोसवर मिळे आणि मोजणी मालकाच्या माणसाच्या हाती असे, त्यामुळे भांडणाचे मूळ या मोजणीतच होते. फेब्रुवारी १९११ मध्ये कारखानदारांनी कारखान्यांना टाळे ठोकले आणि सुमारे अडीच हजार माणसे रस्त्यावर आली. वसंतात मारामाऱ्या झाल्या, बाहेरून माणसे आणली गेली, आणि गव्हर्नर बेरिल कॅरल यांनी राज्याचे सैनिक धाडले. ओढाताण १९१२ पर्यंत चालली आणि संघटना मोडली.

या संपातली ज्या व्यक्तीकडे लक्ष वेधले जाते ती पर्ल मॅकगिल. शेजारच्या खेड्यातली ही मुलगी शिक्षिका होण्यासाठी पैसे जमवावेत म्हणून सोळाव्या वर्षी बटण कारखान्यात लागली आणि थोड्याच महिन्यांत संघटनेच्या वतीने शिकागोपासून पूर्वेकडच्या शहरांपर्यंत भाषणे करत, मदत गोळा करत फिरू लागली. १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या कापड गिरण्यांच्या मोठ्या संपातही ती होती. नंतर ती खरोखरच शिक्षिका झाली. १९२४ मध्ये तिच्या आधीच्या नवऱ्याने तिला गोळी घालून मारले. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. इंग्रजीत 'पर्ल' म्हणजे मोती. बटणांच्या गावात हे नाव. यावर कोटी करण्याचे टाळले.

तिच्यासाठी कुठे उभे राहायचे, हा प्रश्न सहकाऱ्यांना विचारला. त्यांनी नकाशावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

७ मे

अलेक्झांडर क्लार्क यांच्यावर आठवडाभर काम केले, आणि या पुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे पान हेच, असे माझे मत झाले आहे.

क्लार्क यांचा जन्म १८२६ मध्ये पेन्सिल्व्हेनियात, गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या कुटुंबात झाला. १८४२ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते न्हावीकाम करत मस्कटीनला आले. हातात वस्तरा, आणि जोडीला आगबोटींना लाकूड विकण्याचा धंदा. त्यातून त्यांनी जमीन घेतली, कृष्णवर्णीयांच्या मेथडिस्ट चर्चची उभारणी करण्यात भाग घेतला आणि यादवी युद्धात आयोवाच्या कृष्णवर्णीय पलटणीसाठी भरती केली. १८६७च्या सप्टेंबरात त्यांची बारा वर्षांची मुलगी सुझन हिला घराजवळच्या शाळेने दाखल करून घेण्यास नकार दिला, कारण कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी शाळा होती. क्लार्क न्यायालयात गेले. १८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यघटनेने शिक्षण 'राज्यातल्या सर्व मुलांसाठी' सांगितले आहे आणि त्या 'सर्व' शब्दाला शाळा मंडळ अपवाद जोडू शकत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले १९५४ मध्ये, म्हणजे शहाऐंशी वर्षांनी. त्याच १८६८ साली आयोवाच्या मतदारांनी मताधिकाराच्या अटीतून 'गोरा' हा शब्द काढून टाकला. त्यासाठीच्या चळवळीतही क्लार्क पुढे होते.

त्यांचा मुलगा १८७९ मध्ये आयोवा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. पाच वर्षांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, खुद्द वडिलांनी तीच पदवी घेतली. आमच्या वाचकवर्गाला ही ओळ सर्वांत जवळची वाटेल, असा माझा कयास आहे. १८९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी त्यांना लायबेरियात अमेरिकेचे राजदूत म्हणून पाठवले, आणि पुढच्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. मृतदेह मस्कटीनला आणून ग्रीनवुड दफनभूमीत पुरला.

मसुद्यात एक वाक्य जास्तीचे लिहिले होते : १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. क्लार्क आणि फुले यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता आणि तसा भास होऊ देणे चूक होईल. तरी मराठी वाचक न्यायालयाचा निकाल वाचताना त्या अर्पणपत्रिकेपाशी थांबणारच. वाक्य ठेवले, मात्र 'संबंध नव्हता' हेही लगेच पुढे लिहिले.

१३ मे

क्लार्क यांचे घर पाहिले. पश्चिम तिसऱ्या रस्त्यावर विटांचे दुमजली घर आहे, १८७८ मध्ये बांधलेले. बाहेरूनच पाहायचे, आत जाण्याची खात्री देता येत नाही, असे पानावर स्पष्ट लिहिले.

हे घर मुळात इथे नव्हते. १९७५च्या सुमारास वृद्धांसाठी उंच इमारत बांधायची ठरली आणि हे घर पाडले जाण्याच्या बेतात होते. गावातल्या काही माणसांनी ते सुमारे दोनशे फूट सरकवून वाचवले. जागा गेली, घर उरले, आणि जी उंच इमारत बांधली गेली तिला क्लार्क यांचेच नाव दिले गेले. पुढच्याच वर्षी घर राष्ट्रीय वारसा नोंदीत लागले. सहकाऱ्यांनी नकाशावर घराची आजची जागा ठळक आणि मूळ जागा तुटक रेषेने दाखवली आहे. मूळ जागेवर आता वृद्ध राहतात, म्हणजे आमचा वाचक समोर उभा राहून आपल्याच वयाच्या लोकांच्या खिडक्या पाहील.

सुझनला ज्या गावाच्या शाळेने परत पाठवले, त्या गावाच्या आजच्या माध्यमिक शाळेला सुझन क्लार्क हिचे नाव आहे. शाळा चालण्याच्या अंतराबाहेर असल्याने थांबा केला नाही. पानाच्या तळाशी एवढी एकच ओळ दिली.

२० मे

ग्रंथालय आणि कलासंग्रहालय, अनुक्रमे थांबा चार आणि पाच. दोन्हींमागे मसर कुटुंब आहे. शिंपल्यांच्या आधी या गावाचा पैसा लाकडाचा होता : विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातल्या पाइनची झाडे तोडून त्यांचे ओंडके तराफ्यांनी नदीतून खाली आणायचे आणि इथल्या गिरण्यांत चिरायचे. उत्तरेतले जंगल विसाव्या शतकाच्या तोंडाशी संपले आणि गिरण्याही संपल्या, पण तोवर पीटर मसर यांनी गावाला ग्रंथालय देऊन ठेवले होते, १९०१ मध्ये. मुलगी लॉरा हिच्यासाठी १९०८ मध्ये बांधलेले टेकडीवरचे घर कुटुंबाने पुढे शहराला दिले आणि १९६५ मध्ये ते कलासंग्रहालय झाले. तिथे मिसिसिपी नदीवरच्या चित्रांचा वेगळा संग्रह आहे. पायी चढ असल्याने हा थांबा मोटारीचा ठेवला आहे.

ग्रंथालयाची गंमत निराळी. २०१८पासून ते पूर्व दुसऱ्या रस्त्यावर कार्यालयीन फर्निचर बनवणाऱ्या एचएनआय कंपनीच्या जुन्या मुख्यालयात आहे. कंपनीने ती इमारत गावाला देऊन टाकली. ही कंपनी १९४४ मध्ये युद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे या हेतूने स्थापन झाली, आणि पोलाद मिळेना म्हणून सुरुवातीला तिने उरल्यासुरल्या पत्र्यातून कार्ड ठेवायचे छोटे डबे बनवले. कार्डांचे डबे करणाऱ्यांच्या घरात अखेर ग्रंथालय राहायला आले.

टिपणे पुन्हा चाळताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती इथे लिहून ठेवते. ज्याच्याकडे द्यायला इमारत होती, त्याला माझ्या पुस्तिकेत थांबा मिळाला. क्लार्क यांना मिळाला, कारण त्यांनी स्वतःचे विटांचे घर बांधले होते आणि कोणी तरी ते सरकवले. दीड अब्ज बटणे काढणाऱ्यांपैकी कुणालाही मिळालेला नाही. त्यांच्या वतीने एक पुतळा आहे, तोही पुरुषाचा. हे गावाने केलेले नाही, माझ्या तिसऱ्या नियमाने केलेले आहे.

२६ मे

वगळण्याची यादी आज पक्की केली.

मार्क ट्वेन : आई आणि भाऊ १८५३ मध्ये इथे राहायला आले, भाऊ इथल्या 'जर्नल' वृत्तपत्राचा भागीदार होता, स्वतः ट्वेन थोडे दिवस राहून गेले आणि पुढे त्यांनी इथल्या उन्हाळी सूर्यास्तांची मनापासून स्तुती केली. दोन ओळी पुरेत. शी जिनपिंग : १९८५ मध्ये हपै प्रांताच्या शेतकी मंडळाबरोबर आले, एका घरी पाहुणे म्हणून राहिले, आणि २०१२ मध्ये उपाध्यक्ष असताना जुन्या यजमानांना भेटायला पुन्हा आले. दोन ओळी. पाहुण्यांची थोरवी गाताना यजमान मागे पडतात.

नॉर्मन बेकर यांच्याविषयी आमचे मतभेद झाले. १९२५ मध्ये त्यांनी या गावात केटीएनटी नावाचे नभोवाणी केंद्र काढले. त्या अक्षरांचा अर्थ 'नग्न सत्य जाणून घ्या' असा लावला जाई. केंद्रावरून ते डॉक्टरांवर तोंडसुख घेत आणि पुढे कर्करोग बरा करण्याचा दावा करणारे रुग्णालयही त्यांनी गावातच चालवले. १९३१ मध्ये केंद्राचा परवाना गेला. मेक्सिकोच्या सीमेवरून त्यांनी पुन्हा आवाज लावला, आर्कान्सामध्ये दुसरे रुग्णालय काढले, आणि १९४० मध्ये टपालातून फसवणूक केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. सहकाऱ्यांच्या मते ही मजेदार गोष्ट वाचक खूप वाचतील. माझ्या मते ती मजेदार नाही. त्या दवाखान्यात पैसे भरून गेलेली माणसे मेली. अखेर अर्धे पान देऊन टाकले, विनोद न करता. वयस्क वाचकाच्या मोबाइलवर रोज येणाऱ्या रामबाण उपायांचा उल्लेख करण्याचा मोह आवरला.

३ जून

पुतळ्यापासून ग्रंथालयापर्यंत पहिली प्रत्यक्ष फेरी झाली. आम्ही दोघे, तीन आया आणि एक वडील. पाणी ओसरले आहे. पुतळ्यापासून संग्रहालय, तिथून क्लार्क यांचे घर, तिथून ग्रंथालय, एवढ्याला दोन तास लागले. आम्ही सव्वा तास धरला होता. ग्रंथालयाला मधल्या विश्रांतीची जागा म्हणून नकाशावर पाणी आणि प्रसाधनगृह यांची खूण हवी, हे सर्वांनी एकमुखाने सांगितले. मजकुराविषयी तक्रार एकच : 'निकाल वाचायला चष्मा बदलावा लागतो.' अक्षर बारा पॉइंटचे केले.

नदीकाठी चालताना एका बाईंना वाळूत कवचाचा तुकडा सापडला, कडेकडेने गोल भोके पडलेला. त्यांनी एकेका भोकात करंगळी घालून मोजले. सात भरली. त्या मूळच्या इचलकरंजीच्या, नवऱ्याचे शिवणकामाचे दुकान होते. तुकडा उन्हाकडे धरून त्या म्हणाल्या, "कापणारा हुशार होता हो, मधे आठवे बसले नसते." मग त्यांनी विचारले की तो कोण होता, कुठे राहायचा, त्याचे घर या नकाशात कुठे आहे. उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यांनी तुकडा होता तिथे परत ठेवला.

१० जून

तिसरा नियम रद्द केला. सहकाऱ्यांनी पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह खोडून तिथे शाईने आठ हा आकडा घातला आहे. जागा निवडली ती संग्रहालयाबाहेरचा पदपथ, दारातून बाहेर पडून रस्त्याकडे तोंड करून. मुखपृष्ठाच्या आत लपवलेला सॉक आणि मेस्क्वाकी लोकांचा मजकूर बाहेर काढून थांबा एकवर, पुतळ्याच्या आधी, नदीकडे पाहत वाचायचा केला. नॉर्मन बेकर यांचे अर्धे पान त्यासाठी पाव पानावर आले.

थांबा आठचा मजकूर छपाईला असा दिला :

"इथे पाहण्यासारखे काही नाही आणि याच जागी काही घडले असे आम्ही म्हणत नाही. आत्ता आत पाहिलेली बटणे कापणारी, भोके पाडणारी आणि पुठ्ठ्यावर शिवणारी सुमारे अडीच हजार माणसे १९११च्या फेब्रुवारीत याच गावच्या रस्त्यांवर होती, कारण आपण कापलेल्या चकत्या आपल्यासमोर नीट मोजल्या जाव्यात असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या वतीने गावोगाव बोलायला गेलेली पर्ल मॅकगिल ही कारखान्यात आली तेव्हा सोळा वर्षांची होती. संघटना मोडली, कामगार कामावर परतले किंवा गाव सोडून गेले. परत जाताना नदीकाठी भोके पडलेले कवच सापडले तर भोके मोजावीत. बारा डझनांचा एक ग्रोस होतो."